‘झोप नीट होत नाही’ म्हणजे नेमकं काय? दोन आठवड्यांच्या वहीपासून स्लीप टेस्टपर्यंत

ठाण्याला दहा नंबरवर पनवेल गाडीत शिरायचो, नशिबाने खिडकी मिळायची, दिघा गाव गेल्याचं आठवायचं. त्यानंतर थेट तुर्भे. उतरायचं असायचं रबाळेला! घणसोली, कोपरखैरणे कधी आली आणि कधी गेली, पत्ता नाही. जेमतेम पाव तासाचा प्रवास आणि आठवड्यातून दोनदा हा प्रकार. ऑफिसातले म्हणायचे, "नशीबवान आहेस लेका, टेकलास की झोप." मलाही ते कौतुकच वाटायचं.

त्याच काळात एका डॉक्टरांकडे जाऊन मी म्हणालो, "झोप नीट होत नाही." त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली, मी ती आणली आणि खाल्ली. पुढे कळलं की माझा जो आजार होता त्यात ती गोळी उलटी पडण्याचीच शक्यता जास्त. चूक अर्धी त्यांची, त्यांनी घोरण्याबद्दल विचारलं नाही. अर्धी माझी, कारण ‘झोप नीट होत नाही’ या तीन-चार शब्दांत किमान चार वेगळे आजार मावतात आणि त्यातला कुठला ते सांगण्याची तसदी मी घेतली नव्हती.

मी डॉक्टर नाही. घोडबंदर रोडला राहणारा, एमआयडीसीत नोकरी करणारा माणूस आहे. पण गेल्या काही वर्षांत माझ्यासकट घरातल्या चौघांच्या झोपेमागे धावलो. त्यातून जे हाती लागलं ते ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितो. आम्ही अर्थातच उलट्या क्रमाने केलं.

पहिली पायरी: थकवा की पेंग?

या दोन गोष्टी आपण एकच समजतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. थकवा म्हणजे अंगात त्राण नाही, डोकं जड, चिडचिड. पण दुपारी आडवं पडलं तरी डोळा लागत नाही. पेंग म्हणजे मीटिंगमध्ये, टीव्हीसमोर, सिग्नलला गाडी उभी असताना मान खाली पडते. थकवा आहे पण पेंग नाही, असा माणूस बहुतेकदा निद्रानाशाचा. तासांनी भरपूर झोपूनही पेंगतो, तो बहुतेकदा घोरण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा: झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबतो. संध्याकाळी पाय स्वस्थ बसू देत नाहीत, तो तिसरा. आणि झोप उत्तम लागते पण नको त्या वेळी लागते, तो चौथा: शिफ्टवाला किंवा रात्री तीनला झोपणारा कॉलेजचा पोरगा.

पेंग मोजायला एक साधी प्रश्नावली आहे, एपवर्थ स्केल. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. बसून वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत तासभर प्रवासी म्हणून बसल्यावर, दुपारच्या जेवणानंतर शांत बसल्यावर, अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज २४ पैकी. दहाच्या वर गेली तर पेंग प्रमाणाबाहेर आहे. मी स्वतःला ९ दिले होते. बायकोने तोच कागद घेऊन माझ्यासाठी भरला, १७ आले. तेव्हा ही प्रश्नावली भरताना घरातलं माणूस शेजारी बसवा.

दुसरी पायरी: वही

शंभर पानी वही, रोज एक ओळ, सलग चौदा दिवस. त्यात दोन्ही आठवड्यांचे सुट्टीचे दिवस हवेत, कारण शनिवार-रविवारची झोप खूप काही सांगते. सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहायचं: अंथरुणावर किती वाजता पडलो, झोप लागायला अंदाजे किती वेळ, किती वेळा जाग आली आणि कशाने, शेवटची जाग कधी, अंथरुणातून कधी उठलो, दिवसा झोपलो का, शेवटचा चहा कधी, दारू घेतली का. रात्री घड्याळ बघून नोंद करायची नाही. वही भरण्यासाठी जागं राहणारे महाभाग मी पाहिले आहेत.

मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेली ‘डीप स्लीप’ वगैरे आकडेवारी बाजूला ठेवा. ती घड्याळं हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात. किती वाजता झोपलो-उठलो एवढ्यापुरती ठीक आहेत. ४२ मिनिटंच गाढ झोप झाली, या काळजीने पुढच्या रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही.

चौदा दिवसांनी एक भागाकार करा. झोपेचे तास भागिले अंथरुणातले तास, गुणिले शंभर. ८५ च्या वर असेल तर झोपेची कार्यक्षमता चांगली समजतात. नौपाड्यातल्या माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, आली ६५. रात्री साडेनऊ ते सकाळी सहा, म्हणजे साडेआठ तास ती अंथरुणात होती आणि झोप जेमतेम साडेपाच तास.

तिसरी पायरी: निद्रानाश असेल तर अंथरुणातला वेळ कमी करा

हे ऐकून ताई माझ्यावर उखडली होती. "अरे, झोप येत नाही म्हणून तर मी लवकर पडते, आणि मला म्हणतात बारापर्यंत जागी राहा?" पण नेमकं हेच करायचं असतं. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने झोप लागत नसेल किंवा मोडत असेल आणि त्याने दिवस खराब होत असेल, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपाय गोळी नव्हे, तर वर्तन आणि विचार बदलण्याची उपचारपद्धती आहे. तिला सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये ती पहिली पायरी म्हणून सुचवली. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे करून घेतात. त्यांच्या देखरेखीखाली केलेलं बरं.

त्यातला कणा असा. वहीतल्या झोपेच्या सरासरीएवढाच वेळ अंथरुणात घालवायचा. मात्र सरासरी कितीही कमी असली तरी पाच तासांच्या खाली जायचं नाही. ताईने उठायची वेळ पक्की केली पहाटे साडेपाच, म्हणजे तलावपाळीला फेरी मारायला मैत्रिणी सापडतात. मग पडायची वेळ आली रात्री बारा. पहिला आठवडा वाईट जातो, ते गृहीत धरा. ताई साडेदहालाच सोफ्यावर डुलायची, भाच्याने तिला पत्ते खेळून जागं ठेवलं. आठवड्याने पुन्हा भागाकार. ८५-९० च्या वर गेला की पडायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे, नाहीतर आहे तिथेच. दीड-दोन महिन्यांत ताई अकरा ते साडेपाचवर आली, आणि त्यातले सहा तास ती झोपते. आठ तास झोपत नाही, आणि आता त्याची तक्रारही करत नाही.

ज्यांना फिट्स येतात, ज्यांना बायपोलर आजार आहे, ज्या गरोदर आहेत, जे ट्रक-बस-कॅब चालवतात किंवा ज्यांना ॲप्नियाची शंका आहे, त्यांनी हे परस्पर करू नये. झोप कमी करणं त्यांना महागात पडतं.

दुसरा नियम: अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही तर उठायचं, दुसरीकडे जाऊन बसायचं, पेंग आली की परत. अंथरूण म्हणजे कूस बदलण्याची जागा अशी मेंदूने गाठ मारलेली असते, ती सोडवायची. हा सल्ला पाश्चात्त्य पुस्तकांत ‘दुसऱ्या खोलीत जा’ असा असतो. वन आरकेमध्ये पाच माणसं झोपलेली असताना दुसरी खोली कुठून आणायची? ताईने स्वयंपाकघरात ओट्याशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली, वर मंद दिवा. तिथे बसून ती दुसऱ्या दिवशीची लसूण सोलायची. लसूण सोलणं हे काम झोप यायला योग्य तेवढं कंटाळवाणं आहे. अंथरुणावरच बसून भिंतीला पाठ टेकली तरी आडवं पडून तळमळण्यापेक्षा बरं.

वामकुक्षीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण आपल्याकडे ती जवळपास धर्मकार्य आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि त्याने झोपेची भूक वाढते. दुपारी तासभर झोपणं म्हणजे जेवणाच्या आधी दोन वडापाव खाणं. निद्रानाशाच्या माणसाने दुपारची झोप सरळ बंद करावी. इतरांनी वीस मिनिटं, तीही तीनच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफिन याच ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. अंगातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सातचा कटिंग रात्री बाराला अर्धा शिल्लक असतो. दूध, जायफळ, पायाला तेल यांनी आराम वाटत असेल तर जरूर करा. जुनाट निद्रानाश त्याने जात नाही.

झोप न लागण्यामागे उदासी असू शकते: पहाटे तीन-चारला जाग येते, मग काळजीचं चक्र सुरू, कशात रस नाही, अन्न गोड लागत नाही. तिथे वही-भागाकारात वेळ घालवू नका. थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

गोळ्यांचं

अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये येतात. म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. प्रत्यक्षात काय चालतं हे आपल्याला माहीत आहे. मलाही एका दुकानात ‘आधीची संपली’ एवढ्यावर पट्टी मिळाली होती. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली या गोळ्यांना जागा आहे. पण महिनोन्‌महिने घेतल्या की त्यांच्याशिवाय झोप येत नाही, वयस्कर माणसं रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन पडतात, आणि झोल्पिडेम घेऊन झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी काढणं असे प्रकार झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. इतके दिवस चालू असलेली गोळी एका रात्रीत बंदही करू नका. अल्प्राझोलमसारखी गोळी अचानक सोडल्यास फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू मात्रा उतरवून देतात.

चौथी पायरी: घोरणं ऐका, मोजा, रेकॉर्ड करा

आता माझं. एका रात्री बायकोने उशाशी मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. सकाळी पोहे खाताना तिने ते लावलं. आधी नेहमीचं घोरणं, आरा मशीनसारखं. मग एकदम शांतता. पंख्याचा आवाज, खाली रस्त्यावरून गेलेला कंटेनर, आणि तिचं हळू आवाजात मोजणं: "...अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, अहो! अहो, श्वास घ्या!" त्यावर म्हशीने हंबरावं तसा एक आवाज. तो माझा श्वास होता. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. पोहे तसेच राहिले.

होतं असं की झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बुजते. छाती-पोट हलत राहतात, हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू दोन-चार सेकंदांपुरता जागा होऊन वाट मोकळी करतो आणि पुन्हा झोपतो. दहा सेकंद किंवा जास्त काळ श्वास थांबला की ती एक घटना धरतात. तासाला पाचपर्यंत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. माझा आकडा आला ३८. दीड-दोन मिनिटाला एकदा मला कोणीतरी गदागदा हलवून उठवत होतं, आणि सकाळी मी म्हणत होतो, रात्रभर झोपलो. पहाटेच्या साखरझोपेत स्वप्नांचा काळ जास्त असतो आणि तेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात, त्यामुळे पुष्कळांचा ॲप्निया नेमका तेव्हा वाढतो. जी झोप गोड म्हणून आपण अलार्म पुढे ढकलतो, त्याच झोपेत.

घरात लक्ष ठेवायच्या खुणा: उठल्यावर डोकेदुखी आणि कोरडं तोंड, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं (मी मधुमेहाची तपासणी दोनदा करून घेतली होती), दोन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणारा बीपी, विसरभोळेपणा, आणि विनाकारण भडकणं. बायकांमध्ये जोरदार घोरण्याऐवजी नुसता थकवा, डोकेदुखी, झोप मोडणं अशी लक्षणं दिसतात; पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढतं आणि ‘या वयात व्हायचंच’ म्हणून ते राहून जातं. लहान मूल रोज तोंड उघडं टाकून घोरत असेल तर टॉन्सिल आणि ॲडेनॉइड दाखवून घ्या. असं मूल पेंगत नाही, उलट चंचल होतं आणि शाळेतून तक्रारी येतात.

डॉक्टर वापरतात ती स्टॉप-बँग प्रश्नावली घरीही भरता येते. आठ प्रश्न, ‘हो’ला एक गुण: बंद दाराबाहेर ऐकू येईल असं घोरणं, दिवसा थकवा-पेंग, कोणी श्वास थांबलेला पाहिला आहे, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष. तीन-चार आले तर मध्यम धोका, पाच किंवा जास्त आले तर मोठा. गळा मोजायला शिंप्याची टेप घ्या. सडपातळ माणसाने मात्र कमी गुण आले म्हणून खुशीत राहू नये. जबडा लहान किंवा मागे असला तर बारीक माणसालाही ॲप्निया होतो.

चाचणी दोन प्रकारची. एक हॉस्पिटलात रात्रभर, पॉलिसोम्नोग्राफी: डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायाला तारा, छाती-पोटावर पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिमीटर. दुसरी घरी, कमी तारांची. सरळसरळ ॲप्नियाची शंका असेल तर घरची चालते. मेंदूच्या तारा नसल्याने तुम्ही प्रत्यक्षात किती झोपलात हे त्या यंत्राला कळत नाही, म्हणून लक्षणं ठळक असूनही घरच्या चाचणीत काही आलं नाही तर हॉस्पिटलातली करून घ्यावी लागते. मी घरची केली. तंत्रज्ञ संध्याकाळी येऊन पट्टे बांधून गेला. मुलगी म्हणाली, "बाबा, चांद्रयान दिसताय." चाचणीच्या वेळी केसांना तेल, बोटाला नेलपॉलिश आणि त्या दिवशी दारू नको, एवढं लक्षात ठेवा. विमा कंपनी खर्च देते का ते आधी विचारून घ्या, नंतर भांडायला ताकद नसते.

उपचार म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये याबद्दल पहिल्यांदा लिहिलं. नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन घसा आतून उघडा ठेवायचा, एवढीच कल्पना. पहिल्या चार रात्री मी मास्क काढून फेकला. मग जे उपयोगी पडलं ते सांगतो. मशीन आधी महिनाभर भाड्याने घ्या, विकत नंतर. मास्क तीन-चार प्रकारचे घालून बघा, बसून नव्हे, आडवं पडून; माझ्या मिश्यांमुळे पहिल्यातून हवा गळत होती. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास घालून बसा, म्हणजे चेहऱ्याला सवय होते. नाक कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर लावा, त्यात डिस्टिल्ड वॉटरच. आणि आपल्याकडचा पावसाळा: मास्क रोज साध्या साबणाने धुऊन वाळवला नाही तर जुलैत त्याला कुबट वास येतो. वीज गेली तर गुदमराल ही भीती नको, मास्कला हवेची वाट असते, जाग येतेच. रोज किमान चार तास वापर हा डॉक्टरांचा नेहमीचा मापदंड आहे, पण मशीन काढल्यावर ॲप्निया परत सुरू होतो, म्हणून पूर्ण रात्रच लावायचं.

सौम्य-मध्यम आजारात दंतवैद्याने बनवलेलं, खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण चालतं. वजन दहा टक्के उतरवलं तर घटनांचा आकडा साधारण पाव भागाने कमी होतो असं २००० सालच्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दिसलं. ज्यांना फक्त उताणं झोपल्यावर त्रास होतो त्यांनी जुन्या बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालावा. रात्री दारू नको, ती घसा आणखी सैल करते. झोपेच्या गोळीचंही तेच, म्हणून सुरुवातीला ती माझ्यावर उलटी पडली.

हे सगळं का करायचं? कारण मी दुचाकीवरून घोडबंदरला घरी येत होतो. रात्री गायमुखच्या चढावर दोन्ही बाजूंनी कंटेनर असतात. तिथे तीन सेकंदांची डुलकी म्हणजे काय ते सांगायला नको. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात १७ ते १९ तास सलग जागलेल्या माणसांची चपळाई, १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्यांएवढी किंवा त्याहून वाईट भरली. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० आहे. काच खाली करणं, गाणी लावणं, तंबाखू चोळणं याने पेंग जात नाही. गाडी बाजूला घेऊन कॉफी आणि त्यावर पंधरा-वीस मिनिटांची झोप, याने तात्पुरतं भागतं. उपचार लागू पडेपर्यंत मी बसने आलो.

पाय स्वस्थ बसत नसतील तर

वहिनी रात्री मुलीला म्हणायची, "जरा पायावर उभी राहा गं." पोटऱ्या ओढतात, आत काहीतरी शिवशिवतं, पाय हलवले की बरं वाटतं, थांबवले की परत. संध्याकाळपासून वाढतं, बसलं-पडलं की वाढतं. ही चार वैशिष्ट्यं असली की तो रेस्टलेस लेग्ज. पायात गोळा किंवा वांब येणं वेगळं, त्यात स्नायू दगडासारखा होऊन कळ येते. या आजाराला स्लीप टेस्ट लागत नाही, रक्ताची लागते. हिमोग्लोबिन नव्हे, फेरिटिन. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. इतर वेळी लॅब ज्याला नॉर्मल म्हणते ते फेरिटिन इथे अपुरं ठरू शकतं. ७५ च्या खाली असेल तर या आजारात डॉक्टर लोह देतात. वहिनीचं ११ होतं. लोहाच्या गोळीबरोबर लगेच चहा नको, चहाने लोह शोषलं जात नाही. तपासल्याशिवाय परस्पर लोह घेऊही नये. गरोदरपणी शेवटच्या महिन्यांत आणि किडनीच्या आजारात हा त्रास बराच दिसतो. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, काही नैराश्यविरोधी औषधं याने तो वाढतो, म्हणून चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.

शिफ्टवाल्यांसाठी

पुतण्या ऐरोलीत अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, पहाटे चारला कॅब सोडते. त्याची झोप बिघडलेली नाही, घड्याळ आणि घर यांचा मेळ नाही. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. २०१७ चं नोबेल या घड्याळाची जनुकं उलगडणाऱ्या तिघांना मिळालं. तेव्हा उजेडालाच हाताशी धरायचं. शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर उजेड आणि चहा-कॉफी, दुसऱ्या अर्ध्यात दोन्ही बंद. घरी यायला उजाडत असेल तर येताना गॉगल. खिडकीला जाड पडदा, नाहीतर काळा कागद. निघण्याआधी अर्ध्या-पाऊण तासाची डुलकी. सुट्टीच्या दिवशी एकदम दिवसपाळीवर यायचं नाही. नेहमीच्या झोपेतले तीन-चार तास तरी त्याच वेळी ठेवायचे. शिफ्ट बदलत्या असतील तर सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोसतो, उलटा नाही. मॅनेजरला हे सांगून बघायला हरकत नाही.

अवघड असतं ते घर. कुकरच्या शिट्ट्या, कचरेवाला, कुरिअर, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे. दिवसा झोपणाऱ्याची कायद्याला कल्पनाच नाही. वहिनीने दारावर ‘बेल वाजवू नये, रात्रपाळी’ असा कागद लावलाय आणि कुकर दहाच्या आधी किंवा तीननंतर लावते. कानात फोमचे बोळे, शिवाय पंख्याचा एकसुरी आवाज.

छातीवर बसलेलं भूत, आणि इतर

डोळे उघडे, खोली दिसतेय, पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कोणीतरी बसलंय: कोकणातल्या आमच्या आजीच्या मते हा मुंज्या. स्वप्नाच्या झोपेत शरीर मुद्दाम लुळं ठेवलेलं असतं. मेंदू जागा झाला आणि लुळेपणा राहिला की हे होतं. मिनिटभरात जातं, धोका नाही. जागरण आणि उताणं झोपणं टाळलं की कमी होतं. वारंवार होत असेल आणि जोडीला दिवसा अनावर झोपेचे झटके, हसल्यावर गुडघ्यातून बळ जाणं असं असेल तर नार्कोलेप्सी तपासावी लागते.

उलट प्रकार जास्त गंभीर. पन्नाशी-साठीचा माणूस स्वप्नात ओरडतो, लाथा मारतो, बायकोला लागतं. तिथे लुळेपणाच येत नाही. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, कारण काहींमध्ये ही पुढच्या पार्किन्सनसारख्या आजाराची फार आधीची खूण असते. लहान मुलं झोपेत चालतात ती बहुतेक मोठी होताना थांबतात. दाराची वरची कडी लावा, उठवून रागावू नका.

शेवटची पायरी: चिठ्ठी

घोरणं आणि पेंग असेल तर छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा. झोप लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ. झटके, लाथा, पाय असतील तर न्यूरॉलॉजिस्ट. कुठे जायचं कळत नसेल तर आपला फॅमिली डॉक्टर, फक्त त्याच्या समोर दोन मिनिटांत बोलून मोकळं व्हायचं नाही. गाडी चालवताना डोळा लागला असेल, झोपेत श्वास अडकून जाग येत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर वही पूर्ण व्हायची वाट बघू नका.

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा खिशात हा कागद होता, बायकोच्या अक्षरात:

वय ५१. वजन ८८. गळा ४२ सेंमी. बीपीच्या दोन गोळ्या, तरी १५०/९६.
रात्री ११ ते ६ झोप. लघवीला ३ वेळा. उठल्यावर डोकं दुखतं.
श्वास थांबतो, मी मोजला, २१ सेकंद. रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये आहे.
झोपेची गोळी २ महिने घेतली, घोरणं वाढलं.
रबाळेला उतरायचं, तुर्भेला उतरतात. आठवड्यातून दोनदा.